हाकेपुरतं नाव

तळवली,
६ जानेवारी २०२५

प्रिय रंजिताताई,
स. न.

तुम्हाला फोन लावून लावून कंटाळले. शाळेमागची टेकडी चढल्याशिवाय तुम्हाला रेंज नाही, आणि तुम्ही टेकडीवर जाता नेमकं तेव्हा माझ्या हातात बाळ असतं. शेवटी म्हटलं, पत्रच लिहू. लहानपणी मामाला लिहायचे, त्यानंतर हे आत्ताच.

बाळ आता बरं आहे. वजन वाढतंय. इतके दिवस काचेत ठेवलेलं पोर घरी आणलं तेव्हा त्याला हात लावायचीसुद्धा भीती वाटायची. आता भीती गेली, फक्त झोप नाही. डॉक्टर म्हणतात, सव्वा महिना गेला की बारसं करायला हरकत नाही. आत्या तुम्ही एकट्याच, तेव्हा तुमच्या रजेचं बघून तारीख ठरवू.

पण नावावरून घरात सगळे गप्प गप्प आहेत. मी आणि प्रितेशने 'अनय' ठरवलं होतं. आईंना सांगितलं तर त्यांनी ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी भाकऱ्या थापता थापता म्हणाल्या, "बालाचा नाव चांगदेव ठेवाचा. दुसरा नको."

मला आधी वाटलं, गंमत करतायत. ताई, चांगदेव हे बाबांचं नाव! आणि बाबा आतल्या खोलीत बसलेले. मी म्हटलं, "आई, बाबा आहेत ना अजून." तर म्हणाल्या, "हायत. म्हनूनच ठेवाचा." आणि पुढची भाकरी थापायला घेतली. प्रितेशला विचारलं, तर तो म्हणतो आईला पाहिजे तर ठेवूया, आता डोक्याला ताप नको. त्याला दिवसभर कंपनीत कटकट, घरी आला की बाबांची अंघोळ. त्याच्याशी वाद घालायचा तरी कधी?

खरं सांगते, मला ते नाव नको आहे. नाव वाईट नाही, पण शाळेत पहिल्याच दिवशी पोरं त्याचं 'चांगू-मांगू' करणार. तुम्ही शिक्षिका आहात, तुम्हाला माहीत आहे. तुम्ही आईंना समजावून सांगा. तुमचं त्या ऐकतील.

बाबा तसेच आहेत. मनगटाला प्लास्टर आहे, बाथरूममध्ये घसरले होते. काळजीचं काही नाही. दिवसा त्यांच्यासाठी सदूभाऊ म्हणून एक माणूस ठेवला आहे, चांगला आहे. बाबा आता आम्हाला कोणालाच ओळखत नाहीत. मला 'बाई' म्हणतात.

तुमची
रुतिका


धडगाव,
१५ जानेवारी २०२५

प्रिय रुतिका,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा मी वसतिगृहातल्या पोरींच्या डोक्याला तेल लावत होते. तेलकट हातानेच उघडलं. बाळाचं वाचून बरं वाटलं, आणि पुढचं वाचून हात पुसायचं भान राहिलं नाही.

बाबांचं नाव बाबा जिवंत असताना? आपल्याकडे आजोबा गेल्यावर नातवाला त्यांचं नाव ठेवतात. आईला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मग तिने बाबांना गेल्यात जमा केलं का? की तुम्ही सगळ्यांनीच केलंत? रागावू नकोस, पण मला तसंच वाटलं. माणूस ओळख विसरला म्हणून तो माणूस संपला असं नसतं.

त्या नावामागे काय आहे ते तुला कोणी सांगितलं नसेल. माझ्या आजीची, गोजराआजीची, बाबांच्या आधीची मुलं राहिली नव्हती. कोणी पाळण्यात गेलं, कोणी तापात. बाबांच्या वेळी दिवस गेले होते तेव्हा गावच्या देवळात सप्ताह होता. कीर्तनकाराने चांगदेवाची कथा लावली. हा मोठा योगी. काळ न्यायला आला की हा समाधी लावून बसायचा, आणि काळ हात हलवत परत जायचा. असा तो चौदाशे वर्षं जगला म्हणतात. आजीने बाकीची कथा ऐकलीच नाही म्हणे. पोटावर हात ठेवून तिथेच ठरवलं, पोरगा झाला तर चांगदेव. काळाला परत पाठवणारं नाव तिला हवं होतं. आणि बाबा जगले.

पुढची कथा तिला नंतर कोणीतरी सांगितली. एवढा तपस्वी, पण शेवटी लहानग्या मुक्ताईपुढे हात जोडून बसला, तिला गुरू केलं. आजीला ते फार आवडायचं. ती म्हणायची, "कितीबी जगला तरी शिकवाला लहान पोरच लागला." चांग म्हणजे चांगलं. चांगदेव म्हणजे भलं करणारा देव. आजी असंही म्हणायची की पोराला देवाचं, संताचं नाव ठेवावं, म्हणजे पोराच्या नावाने बोंब मारली तरी पुण्यच लागतं.

असं हे नाव आहे. ते बाबांचं आहे आणि बाबा आहेत तोवर त्यांचंच राहील. बाळाच्या कानात नाव मी सांगायचं आहे, आणि मी हे नाव सांगणार नाही. आईला तसं वाचून दाखव. तुम्ही दोघं थकला असाल, मला कळतं. पण थकवा आला म्हणून माणसाचं नाव काढून दुसऱ्याला देऊ नये.

रंजिता


तळवली,
२४ जानेवारी २०२५

रंजिताताई,

तुमचं पत्र मी आईंना वाचून दाखवलं नाही. शेवटच्या ओळी वाचून दाखवण्यासारख्या नव्हत्या.

थकवा म्हणता ना? मग सांगते. सकाळी बाळाला पाजते तोवर बाबांनी पांघरूण ओलं केलेलं असतं. ते धुवायला टाकते तोवर बाळ उठतं. सदूभाऊ येईपर्यंत आई बाबांच्या दारात बसून राहतात, कारण ते कडी काढून निघतात. कुठे जायचं विचारलं तर म्हणतात मिठागरावर. मिठागर कधीच बुजलं, तिथे आता बिल्डिंगी आहेत. जेवण भरवलं तर थुंकतात. एकदा आईंच्या हातावर ताट उडवलं. आईंनी गरम आमटी पदराने पुसली आणि परत भात कालवायला बसल्या. माझे टाके दुखायचे तेव्हा मी वाकून लादी पुसली आहे. माझ्या आईने नेरूळहून येऊन मला घेऊन जाते म्हटलं, मी गेले नाही. मी कोणाला गेल्यात जमा केलेलं नाही.

आणि आता तुमच्यापासून लपवलेलंही सांगते. बाबा बाथरूममध्ये घसरले नव्हते. प्रितेश म्हणाला ताई एवढ्या लांब, उगाच टेन्शन घेईल, म्हणून मी तसं लिहिलं.

ते बाहेर पडले होते. बाळाला घरी आणून आठवडा झाला असेल. आई भांडी घासत होत्या, मी बाळाला पाजत होते. कडी कधी काढली कळलंच नाही. आई अनवाणी धावल्या. मी बाळाला घेऊन गॅलरीत आले आणि तिथून सगळं बघितलं. बाबा गल्ली संपवून सर्व्हिस रोडवर आले होते. एक मोटरसायकल त्यांना घासून गेली, ते पडले, मनगट तेव्हाच मोडलं. पण ते उठले आणि तसेच पुढे ठाणे-बेलापूर रोडकडे चालायला लागले. तिथल्या गाड्या तुम्हाला माहीत आहेत. आई मागून ओरडत होत्या, "अवो! अवो थांबा! रंजिताचे बाबा!" बाबा वळून बघेनात. आईंचे गुडघे चालत नाहीत, अंतर काही कमी होईना. मी वरून ओरडले तर माझा आवाज पोचत नव्हता. मग आई एकदम थांबल्या. रस्त्याच्या मधोमध उभ्या राहिल्या. तोंड उघडं, पण आवाजच नाही. ताई, मला वाटलं ह्यांनाच काहीतरी झालं.

तेवढ्यात पंक्चरवाला ज्ञानू दुकानातून ओरडला, "ओ चांगदेवकाका!" आणि बाबा थांबले. लगेच. वळून म्हणाले (हे ज्ञानूने नंतर सांगितलं), "ओ." जशी काही शाळेत हजेरी. ज्ञानू धावत गेला, हात धरून घेऊन आला.

आईंना मी नंतर विचारलं, तुम्ही अशा थांबलात का. त्यांनी राहिलेली भांडी घासायला घेतली. घाबरल्या असणार, आवाज फुटला नसेल. त्या दिवसापासून त्या बाबांच्या खोलीत फारशा जात नाहीत, दारातच बसतात. सदूभाऊ आत "चांगदेव, तोंड उघडा, चांगदेव, हात वर" करत असतो आणि बाबा बरोबर ऐकतात, त्याच्याकडे बघून हसतातसुद्धा. आई नुसत्या बघत बसतात. आणि त्यानंतरच त्यांनी बाळाच्या नावाचं काढलं. मला वाटतं, एवढ्या अपघातातून वाचले म्हणून नावात काहीतरी आहे असं त्यांच्या मनाने घेतलं असेल. तुमच्या आजीसारखंच.

तुम्ही नाव सांगणार नसाल तर बरंच आहे. मलाही अनय हवं आहे. पण आईंना तुम्हीच सांगा. माझ्यात आता कोणाला नाही म्हणायची ताकद नाही.

रुतिका


धडगाव,
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय रुतिका,

आधी माफ कर. मी इथे लांब बसून बोलते, आणि तू तिथे पांघरुणं धुतेस. ते वाक्य मी लिहायला नको होतं.

पत्र कितीदा वाचलं ते सांगत नाही. पोरींना शुद्धलेखन घातलं आणि खिडकीशी बसून रडले. आई घाबरली म्हणून थांबली नव्हती गं. तिला तोंडातून नाव काढता आलं नाही.

तू "प्रितेश, टॉवेल दे" म्हणतेस. तुला हे कसं सुचणार? आईने बाबांचं नाव कधीच घेतलेलं नाही. लग्नात कोणी उखाण्यात घ्यायला लावलं असेल तेवढंच. मी लहान असताना रेशनच्या ऑफिसात गेलो होतो. साहेब विचारतो, नवऱ्याचं नाव? आई गप्प. पुन्हा विचारलं, गप्प. मागच्या रांगेतल्या बायका हसायला लागल्या. आईने मला कोपराने ढोसलं, "सांग गो बापाचा नाव." मी मोठ्याने सांगितलं, तेव्हा तिच्या चेहऱ्यावर केवढं समाधान होतं! दवाखान्यात, बँकेत, मतदानाला, सगळीकडे हे नाव तिच्यासाठी मी सांगितलं. मी इकडे आल्यावर प्रितेशने. घरात तिचं 'अवो' बाबांना पुरायचं. अंगणातून 'अवो' आलं तर ते मिठागराच्या बांधावरून ओ द्यायचे.

आता 'अवो' म्हटल्यावर त्यांना काही कळत नाही. नवरा असल्याचं ते विसरले, बाप असल्याचं विसरले. पाठीमागे पाठीमागे जात ते आजीच्या मांडीपर्यंत पोचलेत. तिथे त्यांचं एवढं एकच नाव आहे. आणि ते नाव पंक्चरवाला घेऊ शकतो, सदूभाऊ घेऊ शकतो, तू घेऊ शकतेस. घेऊ शकत नाही ती एकटी आई. नवरा गाड्यांखाली चालला होता आणि तिची जीभ उचलली नाही. नंतर दारात बसून काय वाटत असेल तिला?

म्हणून तिला बाळाचं नाव चांगदेव हवं आहे. नातवाच्या नावाला हरकत नाही, असं तिने स्वतःशी ठरवलं असणार. जुन्या बायका नातवालासुद्धा त्या नावाने हाक मारत नाहीत, हे मला माहीत आहे. पण तिने स्वतःपुरती काढलेली ही वाट आहे. हाक नातवाला मारायची आणि ओ त्यांनी द्यायची. बाबांना ती गेल्यात जमा करत नव्हती. ती त्यांना बोलवायला बघत होती, आणि आपण दोघींनी तिचं काय काय केलं!

मी कदाचित चुकत असेन. आईला विचारू नकोस, ती कबूल करणार नाही. पण मी येते. सोळा तारखेला बारसं धरा, मला चार दिवसांची रजा मिळते आहे. मूल तुझं आहे. तू नऊ महिने वाहिलंस, त्यात काचेबाहेर बसलेले दिवस वेगळेच. तू नाही म्हणालीस तर मी अनय सांगेन आणि आईशी मी बोलेन. आल्यावर मला नुसतं कानात सांग.

तुझी
रंजिताताई


धडगाव,
१ मार्च २०२५

प्रिय रुतिका,

सुखरूप पोचले होते, कळवायला उशीर झाला. शेवटची जीप चुकली म्हणून थोडं चालावं लागलं.

तू पाळण्याजवळ माझ्या कानात "ठेवा तेच" म्हणालीस, तेव्हा मला तुझा चेहरा बघवला नाही. बायका कुर्र करून माझ्या पाठीत धपाटे घालत होत्या, आणि मला कळेना, आपण पोराचं भलं करतोय की त्याच्या माथी म्हाताऱ्याचं ओझं मारतोय. नाव सांगितलं खरं. बायका म्हणाल्या, हे काय गो जुनं नाव, आणि आई पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात गेली.

त्यानंतर मी राहिले तेवढे दिवस तिच्याकडेच बघत होते. रुतिका, तिने एकदाही ते नाव घेतलं नाही. 'बाला' म्हणते, 'माजा सोन्या' म्हणते. तू 'चांगू' म्हणालीस की मान वर करते आणि पुन्हा लसूण सोलायला लागते. निघताना मी तिला म्हटलं, "आई, संताचं नाव आहे. देवाचं म्हणून घे." ती म्हणाली, "तुजी गाडी चुकंल."

येताना गाडीत सारखं वाटत होतं, माझं चुकलं. तिच्या मनात तसलं काही नसेलच, मी लांबून गोष्ट रचली आणि तुला तुझं नाव सोडायला लावलं. दाखला अजून काढला नसेल तर त्यावर अनय लिही. मी सांगते प्रितेशला. घरात काहीही म्हणोत.

इथे परीक्षा आल्या आहेत. अंगात जोर नाही. बाबांच्या खोलीतला वास माझ्या साड्यांना येतोय, धुतल्या तरी.

तुझी
रंजिताताई


तळवली,
२१ मार्च २०२५

प्रिय रंजिताताई,

दाखला प्रितेश कालच घेऊन आला. चांगदेव प्रितेश मढवी. आता बदलणार नाही. का ते सांगते.

दहा-बारा दिवसांपूर्वी एकदा सदूभाऊ आला नाही, त्याच्या मुलीला ताप होता. प्रितेश कामावर. दुपार झाली तरी बाबा जेवले नव्हते. मी दोनदा ताट नेलं, दोनदा त्यांनी तोंड फिरवलं. भिंतीकडे तोंड करून कॉटवर बसलेले. 'बाबा' म्हटलं तर ऐकूच येत नसल्यासारखे. सदूभाऊसारखं नावाने बोलावून बघावं असं मनात आलं, पण सासऱ्यांना नावाने हाक मारायला माझीही जीभ वळली नाही. तेव्हा मला आईंचं थोडं कळलं. थोडंच.

मी हरले आणि ताट ओट्यावर ठेवून बाहेर येऊन बसले. बाळ पाळण्यात किरकिरत होतं, आई दोरी ओढत होत्या. माझे डोळे मिटत होते. आणि मला ऐकू आलं, "चांगदेव."

इतकं हळू की मला वाटलं झोपेत ऐकलं. डोळे उघडले. आई पाळण्यात बघत होत्या. पुन्हा म्हणाल्या, जरा मोठ्याने, "चांगदेव." बाळ रडतच होतं. आतून आवाज आला, "ओ."

आईंच्या हातातली दोरी थांबली. मी हलले नाही. मला भीती वाटली, मी बघतेय हे कळलं तर त्या गप्प होतील. मग त्या गुडघ्यावर हात ठेवून उठल्या, स्वयंपाकघरातून ताट घेतलं आणि बाबांच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. आता त्यांच्यापुढे बाळ नव्हतं. तरी म्हणाल्या, "चांगदेव."

बाबा वळले. "कोन?"

"मी. पुतला." आईंनी स्वतःचं नाव सांगितलं.

"कोन पुतला?"

ताई, इतकं करून पुन्हा हेच. मी उठणार होते. पण आईंचा आवाज जराही हलला नाही. एखाद्या नव्या शेजाऱ्याला सांगावं तसं म्हणाल्या, "हितंच रेते. भात आनलाय."

बाबांनी त्यांच्याकडे बघितलं, मग ताटाकडे. मग पाय बाजूला घेऊन कॉटवर जागा केली. म्हणाले, "बस."

आई बसल्या. त्यांनी घास पुढे केला, तर बाबांनी विचारलं, "तू जेवलीस?"

"नाय."

"मंग जेव आदी."

एवढी वर्षं मी या घरात आहे, आईंना बाबांच्या आधी जेवताना कधी बघितलं नाही. त्यांनी तो घास स्वतःच्या तोंडात घातला. पुढचा त्यांना भरवला, त्यांनी खाल्ला. ओट्यावर माझं ताट वेगळं होतं, ते मी नंतर वाढून घेतलं. त्या दोघांचं एकाच ताटात चाललं होतं. मधेच बाबांनी विचारलं, "कंच्या गावची तू?" आईंनी त्यांच्या माहेरच्या गावाचं नाव सांगितलं. बाबा म्हणाले, "बरा गाव हाय."

आता रोज दुपारी असं चालतं. रोज ते विचारतात कोन, आणि रोज आई सांगतात. एकदाही ओळखलं नाही. मी आईंना विचारलं, वाईट वाटत नाही? म्हणाल्या, "ओ तर देतान. आजून काय पायजे?"

एप्रिलमध्ये रजा संपून मला ऐरोलीला ऑफिसात हजर व्हायचं आहे. कसं जमवायचं, माहीत नाही. बाळाला मी अजून चांगूच म्हणते. पूर्ण नावाने हाक मारली तर आतून ओ येते.

तुमची
रुतिका